केबलवरचे तीन म्हातारे

अंबरनाथ पूर्वेच्या चार-पाच गल्ल्यांत दुपारी तीन वाजता कोणता सिनेमा लागेल, हे काही वर्षं मी ठरवत असे. एवढी सत्ता आमच्या नगराध्यक्षांकडेही नव्हती. आमचं आधी घरच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. मग केबल आली, आणि दुकान मागच्या खोलीत जाऊन त्याचं ‘कंट्रोल रूम’ असं नामकरण झालं. नाव ऐकून लोकांना वाटे, आत केवढी यंत्रणा असेल. आत एक व्हीसीआर, एक छोटा टीव्ही, जाळीच्या पेटीतली दोन-तीन उपकरणं, एक माइक आणि माझा डाळ-तांदळाचा डबा एवढंच होतं. आमचे हे एका केमिकल कंपनीत शिफ्टवर. धंद्याची कल्पना यांची, तारा ओढून दिल्या यांनी, आणि मग ‘तू बघशील ना’ म्हणून सकाळी सहाची शिफ्ट गाठली ती कायमची.

धंदा समजायला सोपा होता. मी इथे कॅसेट लावायची, ती गच्च्यांवरून आणि आंब्याच्या झाडांवरून गेलेल्या तारेतून सगळ्यांच्या घरी दिसायची. डिश आल्यावर परदेशी चॅनेलंही आली, पण लोकांचा जीव आमच्या घरच्या चॅनेलवर. कारण तिथे माणूस होतं. टीव्हीत बसलेल्या बाईला फोन करून ‘आवाज वाढवा’ म्हणता येत नाही, मला म्हणता यायचं. आणि म्हणतही. ‘वहिनी, पाहुणे आत्ता आलेत, जरा मागे घ्या ना सिनेमा.’ एकच कॅसेट सगळ्यांना दिसते हे मी किती जणांना समजावलं असेल! तिसऱ्या गल्लीतल्या सरनाईकबाईंनी तर एकदा फोन केला, ‘दूध गॅसवर ठेवलंय, दोन मिनिटं थांबवा.’ मी थांबवला सिनेमा. माझंही दूध गॅसवर होतं.

पावसाळ्यात कॅसेटला बुरशी यायची. पांढरी, लोणच्यावर येते तशी. ती कॅसेट चुकून लावली की मशिनचं हेड खराब व्हायचं, मग टीव्हीवर नुसत्या मुंग्या. कावळे तारेवर बसून तार ओढायचे, पोरं पतंग अडकवायची, आणि काही सज्जन शेजाऱ्याच्या तारेत टाचणी टोचून फुकट बघायचे. टाचणीवाल्यांचं चित्र भुतासारखं दुहेरी दिसे. तरी ते तक्रार करायला माझ्याकडेच येत, यातच माझा मोठा सन्मान होता.

पण मला सांगायचंय ते तीन म्हाताऱ्यांबद्दल.

पहिले देवधरसाहेब. कारखान्यात तपासणी खात्यात अधिकारी होते. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावर यायचा. ते मोजपट्टी लावायचे, आणि दोनच शब्द बोलायचे, ‘पास’ किंवा ‘चूक’. चूक असेल तर खडूने फुली. निवृत्तीनंतर खडू सुटला, शब्द सुटले नाहीत. माझ्या दुकानाच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी रस्त्यात उभं राहून सुधारून घेतले होते.

दुसरे जांभूळ गावचे म्हात्रे. त्याच कारखान्यात कामगार होते आणि घरची भातशेतीही होती. नोकरीभर देवधरांच्या फुल्या त्यांच्याच मालावर पडल्या. म्हात्रे सांगत, ‘या सायबाच्या तोंडून पास ऐकला ना, त्या दिवशी आमी घरान गोर खाल्ला.’ त्यांच्या आगरीत ‘घरात’चं ‘घरान’ होतं आणि ‘ड’चा ‘र’, गोर म्हणजे गोड. ते देवधरांना ‘सायबा’ म्हणत आणि लगेच पुढे ‘तू’ म्हणत. त्यांच्या बोलीत देवालाही तू, मग साहेब कोण लागून गेले!

तिसरे लालूमल, सिंधी. उल्हासनगरला कापडाचं दुकान. त्याआधी ते कारखान्याच्या गेटबाहेर गाठोडं घेऊन बसत, तेव्हापासूनची या तिघांची ओळख. दुकान मुलांनी घेतलं आणि लालूमलना म्हणाले, आता आराम करा. या माणसाला आराम माहीतच नव्हता. रोज रिक्षाने अंबरनाथला यायचे, देवधरांना घराबाहेर काढायचे, तोवर म्हात्रे सायकल हाणत हजर. मग तिघं कुठे जातील याचा नेम नसे. कधी चिखलोलीच्या धरणावर, कधी शिवमंदिरामागच्या नदीवर, कधी बदलापूरला नव्या इमारती बघायला. फ्लॅट घ्यायचा नव्हता कुणालाच. तरी लालूमल बिल्डरच्या माणसाकडून सरबत प्यायचे आणि देवधर त्याच्या भिंतीला ‘चूक’ म्हणून यायचे.

देवधरांच्या मेव्हण्याने विलायतेहून दोन कॅसेटी पाठवल्या. तिथल्या टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेली एक विनोदी मालिका, तिचं एका हंगामाचं सगळं त्यात होतं. अमेरिकेची कॅसेट आमच्याकडे लावली की चित्र लोळायचं, विलायतेची नीट चालायची. साहेबांकडे मशीन नव्हतं, म्हणून ते दोन्ही मित्रांना घेऊन रविवारी दुपारी माझ्या मागच्या खोलीत आले.

मालिकेत काय होतं म्हणाल, तर म्हातारे. कामधंदा संपलेले मित्र हिरव्यागार टेकड्यांवर भटकतात, दगडी कुंपणावर बसून गप्पा मारतात, एखादी उचापत काढतात, ती अंगाशी येते, आणि चहाच्या दुकानातली बाई त्यांना झापते. संपलं. मारामारी नाही, गाणं नाही. मला वाटलं, हे तिघं दहा मिनिटांत उठतील. पण देवधर एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले आणि म्हात्रे मध्येच विचारायला लागले.

‘सायबा, यांची शेती कोन बगतं?’

‘शेती नाही त्यांना. निवृत्त आहेत.’

‘मंग हे डोंगर कुनाचं?’

‘वडी साईं, चुप करो ना,’ लालूमल म्हणत, ‘बाई चाय लेके आयी है, क्या बोली वो?’

त्या दिवशी तीनचा सिनेमा बुरशीने अडकला होता. चॅनेल रिकामं ठेवायला नको, म्हणून मी हीच कॅसेट लाइनवर सोडली होती. आमचा माइक जाहिरातींसाठी आणि ‘उद्या पाणी येणार नाही’ वगैरे सूचनांसाठी. सुरुवातीला लालूमलनी हट्टाने त्यावर आपल्या दुकानातल्या सेलची जाहिरात केली होती, आणि बटण बंद करायचं राहून गेलं. अर्धा तास तिघांची बडबड सगळ्या गल्ल्यांनी ऐकली. फोन वाजला तेव्हा मला कळलं. आता शिव्या खायच्या म्हणून उचलला, तर सरनाईकबाई.

‘वहिनी, ते डोंगर कुणाचे ते राहूनच गेलं. विचारा ना साहेबांना.’

तेव्हापासून रविवारी पाचला हे तिघं माझ्या चॅनेलवर. देवधरांनी दोन अटी घातल्या. आठवड्याला एकच भाग, एका बैठकीत सगळं संपवणं हे हावरटाचं लक्षण. आणि पुढचा भाग कुणी चोरून बघायचा नाही, मीसुद्धा. मी कॅसेटवाली बाई, पण मीही पाळली ही अट. इंग्रजी आवाज मी बारीक ठेवायचे, देवधर सांगायचे, म्हात्रे शंका काढायचे, लालूमल हसायचे. लालूमलचं हसू फार मोठं होतं, त्यांच्यापुढे माइक ठेवायचा नाही हे मी लवकरच शिकले. लोक रविवारची वाट बघायला लागले. रस्त्यात म्हात्रे दिसले की बायका त्यांना हाक मारून मालिकेबद्दल विचारत आणि म्हात्रे ठोकून देत काहीही. मग पुढच्या रविवारी देवधरांना तेवढं निस्तरावं लागे.

शेवटचा भाग तेवढा राहिला होता, आणि देवधरांना झटका आला.

उजवा हात गेला, पाय ओढायला लागले, आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर हात-पाय थोडे सुधारले. डॉक्टरांनी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं, घसा ठीक आहे, जीभ ठीक आहे, डोक्यातला शब्द तोंडापर्यंत येताना वाट चुकतोय. बोलत राहिले तर वाट सापडेल. गप्प बसले तर हळूहळू बंद होईल. जे काय करायचं ते आत्ता.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा केला. सुनीताकडे, म्हणजे सुनेकडे, पाणी मागायचं होतं आणि तोंडातून आलं ‘चप्पल’. ती हसली नाही, शहाणी पोर, तिने पाणीच दिलं. पण त्यांनी स्वतः ऐकलं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या चुकीवर फुली मारलेला माणूस. त्या दिवसापासून ओठ मिटले ते मिटलेच. पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी भेटायला गेले तेव्हा माझ्याकडे बघितलं, डोळे भरले, आणि परत भिंतीकडे वळले. घरी येऊन मी खूप रडले. त्यांनी माझी पाटी सुधारली होती तेव्हा मला किती राग आला होता, आणि आता मी मनात म्हणत होते, बाबा रे, मला काहीतरी चूक म्हण.

म्हात्रे आणि लालूमल रोज जायचे. दोन तास बसायचे. म्हात्रे बोलायचे, लालूमल बोलायचे, साहेब भिंत बघायचे. बाहेर आले की दोघं माझ्याकडे यायचे आणि अर्धा चहा तसाच ठेवून जायचे.

इकडे लोक विचारायला लागले. शेवटचा भाग कधी? एका रविवारी लालूमल म्हणाले, ‘भाभी, लावून टाका. साब के घर में भी तो आपली वायर आहे. मैं उनके साथ बसतो, टीव्ही चालू करतो. अकेले दीवार देखते हैं, उससे अच्छा.’

‘पण सांगणार कोण? म्हात्र्यांना इंग्रजी येत नाही, मला येत नाही.’

‘मी सांगतंय,’ म्हात्रे म्हणाले.

‘तुम्हाला इंग्रजी येतं?’

‘नाय. त्या टीव्हीतल्या म्हताऱ्यांना तरी आगरी कुठं येतंय?’

आता जे सांगते त्याची कॅसेट माझ्याकडे नाही. साऱ्या अंबरनाथच्या बारशा-लग्नांच्या कॅसेटी माझ्या कपाटात होत्या, पण हे रेकॉर्ड करायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. पुढे मोठ्या केबलवाल्यांनी आमच्या तारा घेतल्या, मागच्या खोलीत परत डाळ-तांदूळ आले. धंदा गेल्याचं मला फारसं दुःख नाही. त्या संध्याकाळचा आवाज माझ्याकडे नाही याचं आहे. म्हणून लिहायला बसले.

पाच वाजता मी कॅसेट लावली. म्हात्र्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, माइक जवळ ओढला.

‘आयका मंडली. सायबाला बरा नाय, म्हून आज मी. माझा काय चुकला तं चुकला.’

पडद्यावर ते म्हातारे एक उंच लाकडी पेटारा हातगाडीवर चढवत होते. गाडी टेकडीच्या चढाला लावली. त्यांच्यात काहीतरी वाद चालू होता, एक जण खिशातलं घड्याळ काढून पेटाऱ्याकडे बोट करत होता, दुसरा हात झटकत होता. म्हात्रे पुढे वाकून पडदा न्याहाळत राहिले. मला वाटलं, अडकले. मग सुरू झाले.

‘ता कपाट हाय. कपाटान कोन हाय? यांचा दोस्त. त्याला काय झालाय, त्यानं बोलाचा सोरलाय. भिंतीकरं तोंड करून बसतंय. घराच्या बाहेर येत नाय. मंग हे दोस्त काय करतील? उचलला कपाटासकट आन् निघाले हवा खावाला.’

माझा हात बटणावर गेला. बंद करावं का? सगळ्या गल्लीला ठाऊक होतं ते कुणाबद्दल बोलतायत. म्हात्र्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

‘त्यो पुरचा म्हतारा बोलतंय, गाडी जड हाय. मागचा बोलतंय, जड कशी नसल, हा मानूस जन्मभर आमच्या चुका पोटान घेऊन बसलाय, त्याचाच वजन.’

चहावाली बाई आली, हातवारे करून ओरडली. ‘ती बोलतंय, मेल्यांनो, त्याला इचारला का, येतंस का म्हून? हे बोलतात, इचारला व्हता, त्यो बोलतच नाय तं काय करू.’

चढ संपला. माथ्यावर गाडी सुटली. पेटारा घेऊन ती उतारावरून सुसाट सुटली, म्हातारे मागे धावले, मेंढ्या बाजूला झाल्या, आणि गाडी खालच्या तळ्यात. पेटाऱ्याचं दार उघडून पाण्यावर तरंगू लागलं. आत कुणीही नव्हतं. कपाटात माणूस आहे असं सांगून बसले होते, आता त्याला आणायचा कुठून?

‘परला,’ ते म्हणाले. ‘पान्यान परला. पन त्याला पोवता येतंय. आतल्या आत पोवत गेलाय. आता तुमीच बगा, कुठून वर येतंय.’

आणि फोन वाजला.

सुनीता होती. ‘काकी, बाबा…’ तिच्या मागून लालूमल ओरडत होते, ‘फोन उनको दे, उनको दे.’ मग कुणाचा तरी श्वास, जड, अडखळता. आणि शब्द आला. जुना, कडक, टेबलावर खडू आपटल्यासारखा.

‘चूक.’

मी काय करत होते मला कळलं नाही, फोनचा रिसीव्हर मी सरळ माइकला लावला. तार ताणली गेली, डाळीचा डबा खाली पडला, पडू दे.

‘चूक,’ सगळ्या गल्ल्यांनी ऐकलं. ‘कपाट… नाही.’

म्हात्रे माइकवर वाकले. ‘मंग काय हाय?’

मला ती वाट दिसत होती, तो शब्द कुठेतरी आत धडपडत होता. मनात आलं, आता हा माणूस चुकेल, स्वतः ऐकेल, आणि ओठ मिटतील, या वेळेला कायमचे. आणि आख्ख्या गावासमोर.

‘घागर,’ देवधर म्हणाले. थांबले. त्यांना कळलं होतं. ‘घो… घोडा.’ परत थांबले. मी डोळे मिटून घेतले. म्हात्रे हलले नाहीत, मदत केली नाही, एक अक्षर सुचवलं नाही. टोपी नुसती मुठीत आवळून धरली.

‘घ… घड्याळ. मोठं. घड्याळाची… पेटी.’

म्हात्र्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली, आणि माइकमध्ये म्हणाले, ‘दोन चुकले, तिसरा बरोबर. पास.’

पलीकडून आवाज आला तो लालूमलच्या हसण्याचा असेल असं मला वाटलं. नंतर सुनीताने सांगितलं, लालूमल तर रडत होते. हसत होते ते साहेब.

मी म्हात्र्यांना नंतर विचारलं, ‘तुम्ही मुद्दाम कपाट म्हणालात ना? ते घड्याळ दाखवत होते, तुम्हाला दिसलं असणारच.’ ते म्हणाले, ‘वयनी, ता कपाटच व्हता. सायबाची चूक हाय.’ मरेपर्यंत त्यांनी दुसरं उत्तर दिलं नाही.

पुढच्या रविवारी देवधर स्वतः आले. एका बाजूला लालूमल, एका बाजूला काठी. मालिका तर संपली होती, म्हणून आम्ही परत पहिल्या भागापासून लावली. आता सांगायचं काम म्हात्र्यांकडे आणि चूक म्हणायचं देवधरांकडे. चूक म्हटलं की बरोबर काय ते त्यांनीच सांगायचं, कितीही वेळ लागो, असा नियम म्हात्र्यांनी केला. घागर आणि घोडे पुष्कळ आले त्या महिन्यांत, आणि लालूमलनी आणलेले पेढेही. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम गावाने रविवारी पाच वाजता टीव्हीवर पाहिला.

एका रविवारी देवधर सबंध अर्धा तास गप्प होते. म्हात्र्यांनी टेकड्यांना भाताची खाचरं म्हटलं, मेंढ्यांना बकऱ्या म्हटलं, तरी नाही. भाग संपायच्या आत सरनाईकबाईंचा फोन.

‘वहिनी, आज साहेब एकदाही चूक म्हणाले नाहीत. बरं नाहीये का त्यांना? आमचं कुणाचं लक्ष लागत नाहीये.’

मी साहेबांना निरोप दिला. त्यांनी डाव्या हाताने माइक स्वतःकडे ओढला, सावकाश गिळलं, आणि झटका आल्यापासूनचं पहिलं सबंध, न अडखळलेलं वाक्य बोलले.

‘चूक. माझ्या तोंडात पेढा होता.’